फॉरमॅट अजून ठरायचाय

हसा! हसून घ्या! आत्ता चहाचे कप ठेवता ठेवता ही तुम्हाला काय सांगून गेली ते ऐकलं बरं का मी, मशीन चालू असलं म्हणून शिंपी काही बहिरा होत नाही… 'चार वर्षं झाली हो, ह्यांना अजून कॅमेऱ्याचा फॉरमॅट ठरवता येत नाही!' असंच ना? आणि तुम्ही सगळे खो खो खो! तुमचं तरी काय चुकलं म्हणा, तिने सगळ्या गल्लीला हेच सांगून ठेवलंय, दूधवाल्याला सांगितलंय, इस्त्रीवाल्याला सांगितलंय, परवा एक गृहस्थ नुसता पत्ता विचारायला आला होता, त्यालाही सांगितलं… तो बिचारा पत्ता विसरला आणि मलाच विचारतो, 'मग फॉरमॅट कुठला घेणार?' आता काय बोलायचं! अहो, तीस वर्षं कोट शिवतोय मी. माणूस दारातून आत आला की टेपला हात न लावता सांगतो, साहेब, तुमचा डावा खांदा पाव इंच खाली आहे. आणि मला म्हणे ठरवता येत नाही!

दार लोटून घ्या जरा. हं, असं. तुमचे ट्रायलचे कोट निघेपर्यंत तुम्हाला बसायचंच आहे, तर ऐका. पण तुम्हाला सांगतो, जे सांगेन ते ह्या दुकानातून वरच्या घरात जाता कामा नये. मधे फक्त एक जिना आहे, आणि हिचे कान म्हणजे… असो.

तर आमची मुलगी. चिमणी म्हणतो आम्ही तिला. दातांची डॉक्टर झाली, लोकांच्या दाढा उपटते, तरी आमची चिमणीच. ती लग्न करून गेली सातासमुद्रापलीकडे. इतकी लांब, की आपण 'जेवलीस का' विचारलं तर ती म्हणते 'कालचं की आजचं?' आणि एक दिवस तिचा फोन आला, 'बाबा, तुम्ही आजोबा होणार.' मी हातातला खडू खाली टाकला. ही तर जिन्यातच बसली, रडली, हसली, पुन्हा रडली, आणि मग एकदम गप्प झाली. का? तर तिला जाता येणार नव्हतं. हिच्या कानात कसलासा दोष आहे, मान जोरात वळवली तरी घर गरगर फिरतं, डॉक्टरांनी बजावलंय की विमानाचं नाव काढायचं नाही. म्हणजे पोरीचं पहिलं बाळंतपण आणि आई इकडे. तिकडून चिमणीला येणंही शक्य नाही, नोकरीची कागदपत्रं अडकलेली. तेव्हा ती म्हणाली, 'बाबा, एक काम करा. मला आईचा व्हिडिओ पाठवा. चांगला कॅमेरा घ्या आणि आई जशी आहे तशी घ्या. घरात बोलते तशी. बाळाच्या कानावर तिचा आवाज पडायला हवा.'

आता तुम्ही म्हणाल, फोन आहे की! अहो, फोनवर ही ओरडते! मुलगी लांब आहे ना, म्हणून तिथवर पोचेल असं ओरडते, शेजारच्यांना आमच्या जावयाचा रक्तगट पाठ आहे. बरं, कॉम्प्युटरवर तोंड दिसतं तो कॉल लावावा, तर ही समोर बसली की पासपोर्टचा फोटो होते. हात मांडीवर, मान ताठ, पापणी लवत नाही. चिमणी विचारते, 'आई, कॉल अडकलाय का?' आणि तो अडकलेला नसतो हो, ही अडकलेली असते!

म्हणून मी गेलो कॅमेरा घ्यायला. कपडा घ्यायला जातो तसा गेलो, म्हटलं हात लावून बघू, रंग बघू, घेऊन येऊ. दुकानदार काउंटरवर वाकला आणि म्हणाला, 'साहेब, कॅमेरा नंतर. आधी सांगा, फॉरमॅट कुठला?'

घ्या! म्हटलं, म्हणजे काय? तर तो सुरूच झाला. 'साहेब, टेपवाला घ्या, टेपची क्वालिटी वेगळीच, पण तासभर शूटिंग केलंत की कॉम्प्युटरवर उतरवायला पुन्हा तासभर. डिस्कवाला घ्या, शूटिंग झालं की डिस्क काढा, टीव्हीला लावा, पण नंतर कापाकापी करायची म्हणाल तर विसरा. कार्डवाला घ्या, छोटं, सुटसुटीत, क्वालिटीही आहे, पण तुमचा कॉम्प्युटर कुठला?' म्हटलं, पांढरा. तर माझ्याकडे त्याने असं बघितलं, जसा मी बघतो सुटाच्या पँटला नाडी घाला म्हणणाऱ्याकडे.

पण मी शिंपी आहे, मला कळलं. टेप म्हणजे तागा, हवं तसं कापा, पण आधी उलगडत बसा. डिस्क म्हणजे तयार कोट, घाला आणि निघा, उसवायला गेलात की संपलं. आणि कार्ड म्हणजे दाबून दाबून घडी घातलेलं कापड, जागा कमी, पण ती घडी मोडायला दमदार इस्त्री पाहिजे, ती इस्त्री म्हणजे कॉम्प्युटर. कार्डवाला घेतला. मनाशी म्हटलं, झालं, सुटलो. कसला सुटतोय! घरी येऊन कॅमेरा चालू केला, मेन्यू उघडला, तर आत पुन्हा तोच प्रश्न. फॉरमॅट कुठला? एव्हीसीएचडी की एमपी-फोर? त्याच्या पोटात हायेस्ट, हाय, स्टँडर्ड, लाँग. त्याच्या पोटात सेकंदाला चित्रं किती, पंचवीस की पन्नास. दुकानात एक दुकानदार विचारत होता, इथे हातातलं यंत्रच विचारायला लागलं!

मग बोलावलं मेहुण्याला. हिचा धाकटा भाऊ, एका कचेरीत कॉम्प्युटर खात्यात आहे. माणूस हुशार, पण सरळ उत्तर म्हणून देणार नाही. पाण्याचा ग्लास मागितला तर आधी विचारेल, तहान कुठल्या प्रकारची आहे. आला, खुर्ची ओढली, चष्मा वर सरकवला. 'भावोजी, सोपं आहे. एडिटिंग सोपं हवं, तर एमपी-फोर. क्वालिटी हवी, तर एव्हीसीएचडी.' म्हटलं, आणि मला दोन्ही हवं असेल तर? 'दोन्ही हवं असेल तर कॉम्प्युटर नवा.' म्हटलं, आणि कॉम्प्युटर हाच ठेवायचा असेल तर? 'तर मग, भावोजी… तुम्ही टेस्टिंग करून बघा.'

झालं! तो टेस्टिंग म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आणि मला तुम्ही ओळखता! मी कच्च्या टाक्याशिवाय कधी कोट पक्का केलाय का? पहिली ट्रायल, दुसरी ट्रायल, बाही पुन्हा उसवायची, पुन्हा लावायची, तेव्हा कुठे पक्की शिलाई. आणि हे तर माझ्या नातवंडाचं काम! ते काय असंच एका टाक्यात उरकायचं?

तर टेस्टिंग कशाचं करायचं? तो तिकडचा कोपरा बघा, खिडकीजवळचा. तिथे पुतळा उभा आहे ना, त्याच्या अंगावर तेव्हा एका प्रोफेसरांचा कोट होता, हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी बारीक बारीक वीण. मी म्हटलं, ज्या फॉरमॅटमध्ये ह्या कोटाची वीण धागा न् धागा दिसेल, तो फॉरमॅट आपला! आहे की नाही डोकं? कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, रोखला कोटावर. आता त्याच खिडकीत हिची खुर्ची. तीस वर्षं माझ्या कोटांची तुरपाई आणि बटणं हीच करते, तिथेच बसून. ती आली चौकटीत. लगेच ताठ! 'अहो, माझ्याकडे काय रोखलाय तो? मी केस नाही विंचरलेत!' म्हटलं, अगं, तुझ्याकडे नाही, कोटाकडे रोखलाय, टेस्टिंग आहे. 'टेस्टिंगच ना?' टेस्टिंगच. 'मग असू दे.' आणि बसली पुन्हा सुईत दोरा ओवायला, दोऱ्याला शिव्या देत.

तुम्हाला सांगतो, चार महिने! एकेक फॉरमॅट लावायचा, मिनिट-दोन मिनिटं कोट घ्यायचा, कधी कॅमेरा तसाच चालू ठेवून मी गिऱ्हाइकाकडे वळायचो, मग वर जाऊन कॉम्प्युटरवर बघायचं. आवाज बंद ठेवून. कारण आवाज चालू केला की ही खालून विचारणार, 'कोण बाई आलीय वर?' स्वतःचा आवाज ओळखत नाही हो ती! आणि कापडाची वीण बघायला आवाज हवाच कशाला? तर बघायचो. एमपी-फोर लाँग… वीण गायब, कोटाच्या जागी नुसती राख. एमपी-फोर हाय… बरं, पण बाहीवर धुकं. एव्हीसीएचडी स्टँडर्ड… वीण दिसते, पण तिच्यात मुंग्या चालतात. मेहुण्याला फोन, अरे, कोटात मुंग्या! 'भावोजी, पन्नास करून बघा.' पन्नास केलं, हायेस्ट केलं, आणि काय सांगू, काटा न् काटा मोजून घ्यावा! पण कॉम्प्युटरला दम लागला. हिचा हात वर जातो आज आणि सुई टोचते उद्या. पंखा असा घुमतोय की वाटावं कॉम्प्युटर आता खिडकीतून उडतो.

गल्लीच्या टोकाला शूटिंगवाला आहे, लग्नांचं शूटिंग करणारा, डोळे कायम अर्धे मिटलेले. त्याला विचारलं. तो म्हणाला, 'मास्तर, वीस वर्षं शूटिंग करतोय. लोक आपला माणूस दिसतोय का बघतात. वीण कोण बघतं?' म्हटलं, ह्याला काय कळतंय, गाढवाला गुळाची चव काय! निघालो, तर मागून हाक मारतो, 'पण मास्तर, फॉरमॅट कुठला घेतला?' म्हणजे बघा!

आणि इकडे चिमणीचे फोन. 'बाबा, झालं का?' फॉरमॅट ठरला की लगेच. 'बाबा, पाठवताय ना?' दोन राहिलेत फक्त. सातव्या महिन्यात तिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. जावई दिवसभर कामावर, परका देश, घरात पोर एकटी छताकडे बघत पडलेली. त्या दिवशी फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, 'बाबा, कुठलाही चालेल हो. मला फक्त आई ऐकायचीय.' आणि मी, शहाणा, काय म्हणालो माहितेय? 'कुठलाही कसा चालेल, बेटा? एकदाच होणारं काम आहे. आत बोटभर माया सोडून शिवलेलं बरं, उद्या मोठ्या टीव्हीवर बघायचं झालं तर?' ती हसली. पण ते हसू… तुम्हाला सांगतो, आजसुद्धा ते आठवलं की मला माझी लाज वाटते. पोर आई मागत होती आणि मी तिला टीव्हीचं माप सांगत होतो.

शेवटी नववा लागला तेव्हा मी ठरवलं. एव्हीसीएचडी, हायेस्ट, पन्नास. कॉम्प्युटर मेला तरी बेहत्तर! जिन्यातून ओरडलो, 'अगं, फॉरमॅट ठरला! उद्या शूटिंग!' आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण आता टेस्टिंग नव्हतं ना! आता पक्कं होतं. ही दुसऱ्या दिवशी जिना उतरून आली ती… मी ओळखलीच नाही. ठेवणीतले कपडे, गळ्यात मोत्यांची माळ, केस असे चापूनचोपून बसवलेले की भुवया वर गेलेल्या. खुर्चीत बसली. मी म्हटलं, हं, बोल. बाळाशी बोल. आणि ही सुरू झाली, 'नमस्कार. मी बाळाची आजी. आम्ही सर्व इकडे कुशल आहोत. तुम्हा सर्वांचे कुशल असावे. प्रकृतीची काळजी घ्यावी.' आणि शेवटी काय म्हणावं? 'कळावे, लोभ असावा!' अहो, नातवंडाला 'लोभ असावा'! अजून जन्माला यायचंय ते!

म्हटलं, अगं, जशी बोलतेस तशी बोल! 'मग कशी बोलतेय?' असं नव्हे, घरातल्यासारखं. 'घरातच बसलेय ना?' अकरा वेळा घेतलं. अकरा! दर वेळी ती आणखी ताठ, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'मला नाही येत हो… पोरीला सांगा, आईला येत नाही.' तेही माळ सावरून, कॅमेऱ्याकडे बघत, ताठ बसूनच! मग मी वर जाऊन कापाकापीला बसलो. कापाकापीत मला कोण शिकवणार? खोकला काप, थांबणं काप, 'चालू आहे का हो?' काप, आणि कापता कापता उरलं काय, तर चाळीस सेकंद. चार महिन्यांच्या तयारीला चाळीस सेकंदांचा कोट!

आता पाठवायचं. मेहुण्याला फोन. 'भावोजी, एक लक्षात ठेवा. एव्हीसीएचडीची एकेक फाइल उचलायची नाही, ती नंतर उघडली नाही तर मला बोलायचं नाही. अख्खं कार्ड जसंच्या तसं उतरवा. एकही फोल्डर सोडू नका.' मी आज्ञाधारक माणूस. कार्ड जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर उतरवलं, शेजारी ते चाळीस सेकंद ठेवले. एक गिऱ्हाईक चिमणीच्याच शहरात कामाला निघालं होतं, त्याच्या कोटाला आतून एक जादा खिसा शिवून दिला, त्यात ड्राइव्ह घातला आणि वरून टाका मारला, म्हटलं, साहेब, मुलीच्या दारात जाऊनच उसवा.

ते तिकडे पोचायच्या आधी बाळ पोचलं. नातू! आई आणि बाळ सुखरूप. ही ओरडली, ह्या खेपेला फोनची गरजच नव्हती. आणि मग तीन दिवस चिमणीचा फोन नाही. मी मनात म्हणतोय, उघडलंच नसेल. तरी मी म्हणत होतो एमपी-फोर! चौथ्या दिवशी फोन आला तो नेमका दुकानात, मी एकटाच. पहिला प्रश्न मी काय विचारावा? बाळ कसं आहे? छे! म्हटलं, 'उघडला का गं फॉरमॅट?' आणि पलीकडून नुसते हुंदके आणि हसणं, हसणं आणि हुंदके. 'बाबा… बाबा, ते आजीचं भाषण आम्ही त्याच्या लग्नात दाखवू. पण ते बाकीचं! ते त्रेसष्ट तुकडे! बाबा, तुम्हाला कसं सुचलं हो हे?'

कुठले त्रेसष्ट तुकडे? टेस्टिंग! अख्खं कार्ड जसंच्या तसं… म्हणजे टेस्टिंगही गेलं! मी काहीच पुसलं नव्हतं हो, शिंपी कातरण कधी फेकतो का? ती म्हणाली, 'बाबा, तेविसावं बघा. बाळ रडायला लागलं की आम्ही ते लावतो, आवाज ऐकून गप्प होतं. आणि एक्केचाळिसावं… ते तुम्ही एकट्याने बघा.'

वर गेलो. ही बाजारात गेली होती. कॉम्प्युटर लावला आणि तुम्हाला सांगतो, चार महिन्यांतल्या त्या टेस्टिंगचा आवाज पहिल्यांदा चालू केला. तेविसावं. चौकटीत प्रोफेसरांचा कोट, बाजूला ही, आणि काय तोंडाचा पट्टा! 'दुधाची पिशवी कापली म्हणून काय झालं? कात्रीच आहे ना? दूध काय लोखंडाचं असतं?' आणि मागून मी, 'अगं, कापडाची कात्री आहे ती! कापडाची कात्री!' 'मग स्वयंपाकघराची आणून द्या! तीन वर्षं सांगतेय, तीन वर्षं!' अहो, ह्याच्यावर माझा नातू झोपतो! आजी आजोबाला झापतेय आणि तो गाढ!

मग एक्केचाळिसावं लावलं. मी कॅमेरा चालू ठेवून कुणाचं तरी माप घ्यायला गेलो असणार, कारण माझा आवाज नाही. ही एकटी, मांडीवर एक एवढंसं जाकीट, कातरणातून तिनेच बेतलेलं, त्याला बटण लावतेय. आणि सुई न थांबवता, वर न बघता, त्या जाकिटाशी बोलतेय. 'तुझ्या आईला असंच बडबड ऐकत झोपायची सवय. मी गप्प झाले की जागी व्हायची, लबाड. तूही तसाच असशील. मला काही यायला जमायचं नाही बघ, माझं डोकं फिरतं. पण तुझे आजोबा काहीतरी करताहेत. काय करताहेत ते त्यांचं त्यांनाही माहीत नाही. चांगला माणूस आहे तसा. कात्रीवरून भांडतो फक्त. पण तुझ्यासाठी चार महिने डोळे फोडून घेतोय… ते बटण नीट लागलं का बघू…' आणि दोरा दातांनी तोडला. दातांनी! कात्री शेजारी असताना!

मी रडलो. सांगायला लाज कसली? तीस वर्षं ती त्या खुर्चीत माझ्या शेजारी बसते, आणि मी चार महिने तिच्या बाजूच्या कोटाची वीण बघत होतो. शूटिंगवाल्याने सांगितलं होतं हो, त्याला मी गाढव म्हटलं. आणि खरं तर मलाच कळायला हवं होतं. कच्च्या टाक्यांचा कोट घालून माणूस कसा ऐसपैस उभा राहतो, खाजवतो, वाकतो, गप्पा मारतो! तोच कोट पक्का होऊन अंगावर आला की पुतळा!

चिमणीला फोन केला. ती म्हणाली, 'बाबा, आणखी पाठवत राहा. आणि काही झालं तरी आईला सांगू नका. सांगितलंत की ती माळ घालेल.' मग काय करतो? जिन्याखाली उभा राहिलो, घसा खाकरला आणि ओरडलो, 'अगं ऐकलंस का? तो फॉरमॅट बाद झाला! पुन्हा पहिल्यापासून टेस्टिंग!' वरून आवाज, 'कपाळ माझं! चार महिने घालवून बाद?' हो, बाद. 'टेस्टिंगच ना?' टेस्टिंगच. 'मग या, भाजी निवडतेय, मी काही उठणार नाही.'

तेव्हापासून चार वर्षं. आठशे-नऊशे तुकडे झाले असतील. भाजी निवडताना, दोरा ओवताना, माझ्यावर तोंडसुख घेताना. नातू चार वर्षांचा झाला, तिकडे जन्मला पण बोलतो कसा, तर थेट हिच्यासारखा, परवा स्वतःच्या बापाला म्हणाला, 'तीन वर्षं सांगतेय!' सांगतेय! आजीचीच भाषा उचलली पठ्ठ्याने! कोण म्हणतं आवाज पोचला नाही? आणि ह्या सगळ्याची किंमत काय, तर मी जगाला मूर्ख दिसायचं. दूधवाल्याने हसायचं, इस्त्रीवाल्याने हसायचं, मेहुण्याने दर महिन्याला विचारायचं, 'भावोजी, फॉरमॅट कुठला?' आणि मी मान खाली घालून म्हणायचं, ठरायचाय बाबा अजून. कारण ठरला म्हटलं की संपलं. माळ बाहेर!

पण तुम्हाला एक सांगतो… हळू बोलतो… मला हल्ली एक शंका येते. त्या पुतळ्याकडे बघा. उघडा आहे की नाही? प्रोफेसरांचा कोट जाऊन साडेतीन वर्षं झाली. साडेतीन वर्षं मी उघड्या पुतळ्यावर कॅमेरा रोखतो आणि म्हणतो, कोटाचं टेस्टिंग आहे. आणि जी बाई मीठ चिमूटभर जास्त पडलं तर तीन दिवस चौकशी करते, तिने साडेतीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, 'अहो, कोट कुठाय?' हल्ली तर टेस्टिंग म्हटलं की खुर्ची आपण होऊन उजेडाकडे सरकवते. मागच्या महिन्यात ताप होता तिला, मी म्हटलं आज राहू दे, तर म्हणाली, 'असू दे हो, खंड पडायला नको… टेस्टिंगात.' आता हिला ठाऊक आहे की नाही? तिलाच विचारावं म्हणता? आणि 'हो' म्हणाली तर? मग मलाही कळलं आणि तिलाही कळलं, आणि बसली ताठ! नको रे बाबा. एवीतेवी ती मला मूर्ख म्हणतेच आहे, मी मूर्ख राहतो.

…श्श! ऐका! जिन्यातून आवाज आला?

'अहो! ऊन छान आलंय खिडकीत! आज नाही का ते तुमचं टेस्टिंग?'

…आहे गं, आहे! येतोच! फॉरमॅट अजून ठरायचाय!

बघितलंत? चला, उठा, हा घ्या तुमचा कोट, घाला. टाके कच्चे आहेत, सांभाळून. हं, आता आरशाकडे तोंड… अहो, असे ताठ काय उभे राहता! सैल सोडा अंग… ट्रायलच आहे!